सुलभ पक्षपात : नवशिक्या आईबापांसाठी

दुसरं मूल झाल्याबद्दल अभिनंदन. पहिल्याच्या वेळी तुम्ही नुसते आईबाप झाला होतात. आता न्यायाधीशही झालात. या पदाला परीक्षा नाही, शपथविधी नाही, आणि निकालाविरुद्ध अपील करायचं ते कोर्टही तुमचंच. आजीकडे दाद मागता येते म्हणतात, पण तिचा निकाल सुनावणीच्या आधीच लागलेला असतो.

बरेच नवशिके सुरुवातीला बिचकतात. "आम्हाला जमेल का हो पक्षपात? आम्ही दोघंही शिकलेले." जमेल. शिक्षणाने अडल्याचं एकही उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. किंबहुना निम्मा अभ्यासक्रम तुमचा नकळत पुरा झालाच असेल. मोबाइल काढा. पहिल्याच्या पहिल्या वर्षातले फोटो मोजा, मग दुसऱ्याचे. आम्ही थांबतो. दुसऱ्याचे मोजायला फार वेळ लागणार नाही.

साहित्य : मुलं (दोन चालतील, तीन असली तर विषय खुलतो), आजी एक, तुलना करणारी आत्या किंवा मावशी एक, लहान झालेल्या कपड्यांचं बोचकं एक. एकुलत्या एकाच्या आईबापांना हे मार्गदर्शन उपयोगाचं नाही. त्यांना तिन्ही नंबरांच्या चुका एकाच मुलावर करायच्या असतात. ते काम वेगळं आणि जास्त कष्टाचं.

पायरी १ : घोषणा पाठ करा

"आम्हाला सगळी सारखीच." हे वाक्य पाहुण्यांसमोर, मुलं कान देऊन बसलेली असताना, ठणठणीत आवाजात म्हणायचं. म्हणताना कोणाच्याही पाठीवर हात ठेवू नका. हात सवयीने एका ठरावीक पाठीवर जातो, आणि मुलांचं लक्ष वाक्याकडे नसून हाताकडे असतं.

जोडीला दोन म्हणी तयार ठेवा. एकाला जास्त दिलंत की "हाताची पाची बोटं सारखी नसतात". कोणी ते बोलून दाखवलं की "कुठलंही बोट कापलं तरी दुखतंच". दोन्ही म्हणी एका संध्याकाळी एकाच मुलाला ऐकवू नका, एवढंच पथ्य.

आता ही घोषणा अगदीच खोटी असते असं समजू नका, तुमच्या मनाला उगीच लागेल. जोसेफ प्राइस या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने आईबाप मुलांसोबत दिवसाचा किती वेळ घालवतात याच्या नोंदी तपासल्या; २००८ साली ते संशोधन छापून आलं. त्यात दिसलं, की कुठल्याही एका दिवशी आईबाप मुलांना वेळ बऱ्यापैकी सारखाच वाटून देतात. पण मुलं मोठी होत जातात तसा घरातला हा वाटायचा वेळच आटत जातो. त्यामुळे थोरल्याला सातव्या वर्षी जेवढा वेळ मिळाला, तेवढा दुसऱ्याला त्याच्या सातव्या वर्षी मिळत नाही. रोजचा वीस ते तीस मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे रोजचा हिशेब चोख आणि वर्षांचा हिशेब तुटीचा. तुम्ही आजच्या दिवसापुरती शपथ घेत असाल, तर खुशाल घ्या.

पायरी २ : पहिल्यावर सगळं पुस्तक चालवा

पहिलं बाळ घरी आलं की वही करा. दूध किती वाजता, किती मिली, ढेकर आली का, शी कुठल्या रंगाची. रंगाचं नाव सुचलं नाही तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, रात्री दोन वाजता. बाळगुटी उगाळताना सहाणेजवळ दोघांनी बसा. एकाने उगाळायचं, दुसऱ्याने वेढे मोजायचे : मुरुडशेंगेचे दोन, वेखंडाचा एक, जायफळाचा एकच आणि तोही अर्धा, नाहीतर बाळ फार झोपेल. (दुसऱ्याच्या वेळी 'फार झोपेल' याचा अर्थ तुम्हाला वेगळा लागायला लागतो आणि जायफळाचे वेढे आपोआप वाढतात. तिसऱ्याच्या वेळी सहाण माळ्यावरून खाली येत नाही.)

पुढे शाळा. पहिल्याच्या पहिलीच्या वह्यांना तपकिरी कव्हरं, त्यावर लेबलं, लेबलांवर तुमच्या हस्ताक्षरात नाव. अभ्यासाला रोज शेजारी बसायचं. कमी मार्क पडले तर टीव्ही बंद, खेळ बंद, मामाकडे जाणं बंद. हे धोरण आमच्या पदरचं नाही. हॉट्झ आणि पँटानो या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१५ साली मांडलं आहे, की आईबाप पहिल्याच्या बाबतीत जास्त कडक नियम लावतात, आणि त्यामागे हिशेब असा की धाकटी ते बघत असतात. एकाला रागावलं की तिघं वचकून राहतात. थोरल्याने खाल्लेला मार धाकट्यांच्या शिक्षणाच्या खात्यात जमा होतो. पासबुक मात्र थोरल्याला कधी दाखवायचं नाही.

एवढ्या मेहनतीचं फळ काय? नॉर्वेत सैन्यभरतीसाठी आलेल्या सुमारे दोन लाख चाळीस हजार तरुणांचे बुद्ध्यंक तपासले गेले. २००७ साली ते आकडे आले. थोरले धाकट्यांपेक्षा सरासरी दोन-सव्वादोन गुणांनी पुढे. एवढ्यासाठी एवढं? असं म्हणून हसू नका. दोन मार्कांनी मेडिकल हुकलेला माणूस साठी उलटल्यावरही ती गोष्ट लग्नाच्या पंगतीत सांगतो, अशा राज्यात आपण राहतो.

त्याच अभ्यासातली एक नोंद मात्र मुलांच्या कानावर जाऊ देऊ नका. ज्या घरांत पहिलं मूल तान्हेपणीच दगावलं होतं, तिथे दुसरं मूल मोठं म्हणून वाढलं, आणि त्याचे गुण थोरल्यांच्या बरोबरीला आले. म्हणजे फरक जन्माला येण्याच्या क्रमात नव्हता; घरात कोणत्या जागेवर वाढवलं, त्यात होता. हे एकदा मुलांना कळलं की "तो जात्याच हुशार" हे वाक्य वापरता येत नाही, आणि त्या वाक्यावाचून फार अडतं.

पायरी ३ : थोरल्याला रातोरात बढती द्या

दुसरं बाळ दवाखान्यातून घरी येतं त्या दिवशी अडीच-तीन वर्षांच्या पहिल्याला उंबऱ्यात गाठा आणि सांगा, "आता तू दादा झालास हं." हे पद आहे. पगार नाही, रजा नाही, राजीनामा तर अजिबात नाही. सकाळपर्यंत जो स्वतःच मांडीवर होता, त्याने संध्याकाळी "बाळाला घेऊ दे की आईला" हे समजून घ्यायचं. न समजलं तर म्हणायचं, "एवढा मोठा घोडा झालास!" घोड्याला अजून नीट चड्डी घालता येत नाही, याकडे लक्ष देऊ नका.

त्याचं नावही हळूहळू काढून घ्या. धाकट्याला सवय लागावी म्हणून आई त्याला दादा म्हणू लागते, मग बाबा, मग शेजारचे, मग दूधवाला. नाव गुणपत्रिकेवर तेवढं उरतं. पुढे कधीतरी बायकोने नावाने हाक मारली की तो दचकून मागे बघतो.

पहिली मुलगी असेल तर पदाचं नाव ताई, आणि कामं जास्त. धाकटीच्या वेण्या, धाकट्याचा डबा, शाळेच्या फाटकापाशी थांबणं, आई आजारी असली तर कुकर. कुरकुर केलीच तर लता मंगेशकरांचं उदाहरण द्या. १९४२ साली वडील मास्टर दीनानाथ गेले तेव्हा थोरल्या लताला तेरा वर्षंही पुरी झाली नव्हती. पाठच्या चार भावंडांचं घर तिने ओढलं. तुमच्या ताईला गाता येत नाही, आणि तिचे बाबा धडधाकट समोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेत, हे मुद्दे गैरलागू समजावेत.

पायरी ४ : प्रत्येकाला स्वभावाची पाटी लावा

मुलं चालायला लागली की पाट्या लावून टाका : थोरला समंजस, मधला तिरसट, धाकटा लाडावलेला. उशीर केलात तर मुलं स्वतःच स्वभाव घेऊन येतात आणि मग पाटी बसत नाही.

कोणी शास्त्रीय आधार मागितला तर आल्फ्रेड आडलर यांचं नाव घ्या. व्हिएन्नाच्या या मानसशास्त्रज्ञाने सांगितलं, की पहिलं मूल म्हणजे गादीवरून उतरवलेला राजा. ते दुःख त्याला जन्मभर पुरतं. आडलर स्वतः सात भावंडांतले दुसरे. थोरल्या भावाचं नाव सिग्मंड, आणि त्याच्या सावलीत वाढल्याची सल मोठी. पुढे १९११ साली ज्या गुरुतुल्य सहकाऱ्याशी त्यांचं कायमचं फाटलं, त्यांचंही नाव सिग्मंडच : फ्रॉइड. आडलरांच्याही आधी, १८७४ साली, फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्लंडच्या शास्त्रज्ञांत थोरल्यांचा भरणा जास्त असल्याचं दाखवलं. स्वतः गाल्टन नऊ भावंडांत शेंडेफळ. एकूण हा विषय असा, की शास्त्रज्ञाचा घरातला नंबर आधी विचारावा आणि सिद्धांत मग वाचावा. मार्गदर्शकाचा नंबर विचारू नये, ते सभ्यतेला धरून नाही.

एक धोका. २०१५ साली जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका मिळून वीस हजारांहून जास्त माणसं तपासली गेली. बोलका, चिडका, जबाबदार, प्रेमळ, कशाचाही जन्मक्रमाशी संबंध सापडला नाही. बुद्ध्यंकात तेवढा तो किंचितसा फरक, वर सांगितलेला. मग तुमच्या घरातला थोरला समंजस कसा? कारण तो समंजसपणे वागला नाही तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात. धाकटा लाडावलेला कसा? कारण लाड तुम्ही केलेत. पण हे असं सरळ बोलायचं नसतं. "उपजतच तसा हो" म्हणायचं आणि चहाचा घोट घ्यायचा.

पायरी ५ : मधल्याचं काय करायचं

इथे नवशिक्यांची हमखास गडबड उडते. मधल्याला काही करायचंच नसतं, हे त्यांच्या लक्षात येत नाही, आणि ते उगीच काहीतरी करायला जातात.

परंपरा समजून घ्या. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. तीन मुलगे : शुनःपुच्छ, शुनःशेप, शुनोलांगूल. घरात उपासमार. हरिश्चंद्राचा मुलगा रोहित आपल्या जागी वरुणाच्या यज्ञात बळी द्यायला एक मुलगा विकत मागतो. मोबदला शंभर गाई. बापाने थोरल्याला कवटाळलं : हा नाही. आईने धाकट्याला कवटाळलं : हा नाही. चर्चा तिथेच संपली. मधला शुनःशेप शंभर गाईंना गेला. त्याला यज्ञाच्या खांबाला बांधायला कोणी पुढे येईना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापानेच बांधला. मारायलाही कोणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभर घेऊन हातात सुरी धरून बापच पुढे झाला. सुदैवाने पोराला देवांची स्तुती येत होती, तो सुटला. मग अजीगर्त म्हणतो, चल बाळा घरी. पोराने चक्क नाही म्हटलं. विश्वामित्राने त्याला मुलगा मानला आणि थेट थोरलेपण दिलं. त्याबरोबर विश्वामित्राच्या शंभरावर मुलांपैकी वरचे पन्नास बिथरले. आमच्या डोक्यावर हा कोण? त्यांना शाप मिळाला. धाकटे मुकाट्याने कबूल झाले. त्यांचं तसंही काही जात नव्हतं.

या गोष्टीत यज्ञ आणि वरुण वगळले तर बाकी सगळं कुठल्याही दोन खोल्यांच्या घरात घडतं. तुम्हाला गाई मिळणार नाहीत, तेव्हा आंब्यापासून सुरुवात करा.

हापूस चिरा. दोन बाजूंच्या दोन फोडी आणि मध्ये बाठा. मुलं तीन. एक फोड थोरल्याला, त्याची परीक्षा आहे. दुसरी धाकट्याला, तो रडेल. बाठा मधल्याला, आणि देताना म्हणायचं, "तुला बाठाच आवडतो ना!" त्याने एकदा, फोडी संपल्या होत्या म्हणून, बाठा चोखला होता. कोपरापर्यंत रस ओघळला होता आणि सगळे हसले होते, तोही हसला होता. तेवढ्या पुराव्यावर आवड नोंदवून घ्यावी. मग ती नोंद पुसू नये. लग्नानंतर त्याच्या बायकोलाही सांगावं, "त्याला फोडी नको देऊस हं, बाठाच लागतो त्याला." ती भाबडी आयुष्यभर बाठा काढून ठेवते, आणि तोही काही बोलत नाही, कारण आता बोलायचं म्हणजे फार मागून सुरुवात करावी लागेल.

कपड्यांचं सोपं आहे. थोरल्याचा गणवेश मधल्याला येतो तेव्हा चड्डीची खालची दुमड सोडतात. जुन्या दुमडीची एक गडद रेघ कापडावर राहते, ती कितीही धुतली, इस्त्री केली तरी जात नाही. बाकीचं कापड विटलेलं, आणि ती रेघ तेवढी मूळ खाकी. वर्गात सगळ्यांना कळतं की हा कोणाचा तरी भाऊ आहे. बाई हजेरी घेतानाही तेच म्हणतात : "तू त्याचा भाऊ ना? तो किती हुशार होता!" तिसऱ्यापर्यंत ती चड्डी टिकत नाही, फाटते, म्हणून तिसऱ्याला नवी मिळते. यात कोणाचाही पक्षपात नाही, कापडाचा दोष आहे. असं सांगा.

मधल्याने तक्रार केली तर उत्तर एकच : "तू कधी मागितलंच नाहीस." आणि मागितलं तर : "तुझं आपलं सारखं काहीतरी असतंच."

पायरी ६ : शेंडेफळ

इथवर तुम्ही थकलेले असता, म्हणून ही पायरी सर्वांत सोपी. काही शिकायचं नाही, फक्त विसरायचं. थोरल्यासाठी सात वाजता बंद होणारं दार शेंडेफळासाठी साडेअकराला उघडं असतं. थोरल्याला बारावीपर्यंत मोबाइल नव्हता. याला मोबाइल दिल्याशिवाय घास उतरत नाही. थोरल्याने विचारलं की "तेव्हाचा काळ वेगळा होता". मधल्या सहा वर्षांत काळ एवढा कसा बदलला, हे त्याला इतिहासाच्या बाईंना विचारू दे.

मात्र शेंडेफळाचे नुसते लाडच होतात हा समज खोटा आहे. थोरल्याच्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने घरी केले होते : मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. काळ्या झबल्यावर ते पांढरे दागिने, ओट्यावर न मावणाऱ्या बायका, त्याच्यावरून ओतलेली बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. दुसऱ्याला तेच दागिने, बिस्किटांच्या डब्यातून काढलेले. मुकुटाचा एक मणी मुंगीने नेलेला, बासरी अर्धी. तिसऱ्याच्या वेळी रथसप्तमी होऊन गेल्यावर कोणाच्यातरी लक्षात आलं. मग "पुढच्या वर्षी करू" झालं, आणि असं करत करत तो पाच वर्षांचा होऊन गेला. त्याचा पहिला दात कधी आला, कोणालाच आठवत नाही. विचारलं तर आई आत्मविश्वासाने सांगते ती तारीख थोरल्याच्या दाताची असते.

शेंडेफळाच्या बोलण्याला घरात किंमत द्यायची नाही. तो चाळिशीचा झाला, बँकेचा मॅनेजर झाला, तरी घराच्या कर्जाचा विषय निघाला की "तू थांब रे जरा, मोठ्यांना बोलू दे". मुक्ताबाईंची गोष्ट त्याच्या हाती लागू देऊ नका. चार भावंडांत सर्वांत धाकटी, आणि रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना बाहेरून समजावणारी तीच. ताटीचे अभंग तिच्या नावावर आहेत. तुमच्याकडे हे सुरू झालं तर पायऱ्या १ ते ५ पाण्यात गेल्या.

ग्रामीण भागातल्या आईबापांसाठी एक जादा सूचना. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली, तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. त्यामुळे तिसऱ्याला "तुझ्यापायी सरपंचपद गेलं" असं आयुष्यभर ऐकवण्याची हक्काची सोय झालेली आहे. ज्यांना कोणी उभं राहा म्हणून विचारलंही नव्हतं, तेही ती वापरू शकतात.

पायरी ७ : मुली

हा भाग थोडक्यात. पहिली बेटी, धनाची पेटी. दुसरीला पेढे वाटताना हात जरा आखडता घ्यायचा. तिसरीच्या वेळी दवाखान्यात भेटायला येणारे लोक आवाज खाली करून बोलतात, म्हणून वेगळं काही करावं लागत नाही.

चौथीचं नाव शोधण्यात वेळ घालवू नये, असा अनेकांचा रिवाज होता. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुली निघाल्या, ज्यांचं नाव नकोशी किंवा नकुसा होतं. शाळेच्या हजेरीपटावर, रेशनकार्डावर, तेच. प्रशासनाने कार्यक्रम करून त्यांना नवी नावं दिली. मुलींनी स्वतः निवडली, काहींनी आवडत्या नट्यांची. आईबापांनी ठेवलेलं नाव बदलायला जिल्हा लागला.

आणि उंची. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ साली दाखवलं, की पाच वर्षांखालच्या मुलांच्या उंचीत भारत आफ्रिकेच्या गरीब देशांच्याही मागे आहे, पण पहिल्या मुलांच्या बाबतीत नाही. दुसऱ्यापासून तूट सुरू होते, तिसऱ्याला वाढते. थोरल्या मुलग्याच्या ताटात आधी वाढायचं, मग बाकीच्यांच्या, हे त्यामागचं मोठं कारण. तेव्हा फोड आणि बाठा यांचा विनोद करताना हे लक्षात असलेलं बरं, की काही घरांत तो सेंटिमीटरमध्ये मोजता येतो.

पायरी ८ : वाटणी

मनुस्मृतीत सोय होती : समान वाटणीआधी थोरल्याला विसावा हिस्सा जादा, मधल्याला त्याच्या निम्मा म्हणजे चाळिसावा, धाकट्याला ऐंशीवा. या जादा हिश्शांत मुलींना शोधत बसू नका, दमाल. आता १९५६चा हिंदू वारसा कायदा आहे, १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हिस्सा दिला आहे. कायद्याला नंबर कळत नाहीत. म्हणून सहसा कोर्टापर्यंत न जाणाऱ्या गोष्टींवर लक्ष द्या : आईच्या पाटल्या, वडिलांचं घड्याळ, आणि आजारपणात कोण कोणाकडे राहायचं. घड्याळ थोरल्याला, पाटल्या धाकट्याच्या बायकोला, आजारपण बहुधा जो जवळ राहतो त्याला. जवळ कोण राहिला ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

नेहमीच्या अडचणी

*आम्हाला जुळी झाली आहेत, नंबर कसा लावायचा?*
दवाखान्याच्या कागदावर वेळ लिहिलेली असते. चार मिनिटांचं अंतर पुरेसं आहे. त्या चार मिनिटांवर "तू मोठी आहेस, तू सोड" हे पंचवीस वर्षं चालवता येतं. सिझेरियन असेल तर डॉक्टरांचा हात आधी कोणाला लागला, यावर थोरलेपण ठरतं. पण डॉक्टरांना त्याबद्दल विचारू नये.

*दिवाळीला तिघं एकत्र आली आणि जुन्या गोष्टी काढून बोलू लागली, तर?*
घाबरू नका. बोलता बोलता ती एकमेकांशीच भांडू लागतात. थोरला म्हणतो मार मी खाल्ला, मधला म्हणतो निदान तुझ्याकडे बघत तरी होते, धाकटा म्हणतो माझा एक तरी फोटो दाखवा. तुम्ही मध्येच म्हणायचं, "आमच्या वेळी आम्ही सात होतो, आमचे लाड कोणी केले?" सगळे गप्प होतात. मग चकली पुढे करायची. ताट कोणापुढे आधी केलंत, ते तिघंही बघतात.

*मी स्वतः मधला होतो. मी माझ्या मधल्यावर अन्याय करणार नाही असं ठरवलं आहे.*
असे अर्ज बरेच येतात. तुम्ही मधल्याला फोड द्याल. मग बाठा थोरल्याकडे जाईल, आणि काही वर्षांनी तोच हे मार्गदर्शन नव्याने लिहील.

*अभ्यासक्रम पुरा झाला हे कसं ओळखायचं?*
मुलांना वेगवेगळं गाठून विचारा, घरात लाडकं कोण. तिघांपैकी एकानेही स्वतःचं नाव घेतलं नाही, तर तुम्ही उत्तीर्ण. तुमच्या भावंडांनाही एकदा विचारून बघा. तुमच्या आईबापांचा निकाल अजून लागायचा असेल. सुरुवात मधल्या भावापासून करा. पहिल्या रिंगलाच फोन उचलेल आणि आधी विचारेल, "काय रे, सगळं ठीक आहे ना?" कारण त्याला सहजच म्हणून कोणी फोन करत नाही.